शोभिवंत काँक्रीट व त्याच्या मक्त्याचा धंदा

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आमच्या खेड्यांतील घरांपुढील जमिनीचें रूप पालटलें आहे. शेणानें सारवलेलें अंगण मागें पडलें, मग शहाबादी फरशी आली, आणि आतां बऱ्याच ठिकाणीं काँक्रीट ओतून त्यावर दगडाचा, विटेचा किंवा लाकडी फळीचा ठसा उमटविण्याची चाल पडत आहे. हमरस्त्यावरील खाणावळी, मंगल कार्यालयें आणि कृषि पर्यटनाचीं ठिकाणें यांच्या आवारांत हें काम विशेष दिसतें. महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं कृषि पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. त्या वाटेनें जाऊं इच्छिणारे आमचे कित्येक सभासदही या कामाची चौकशी करीत असतात.

चौकशी करणारे दोन प्रकारचे असतात. एकाला आपल्या दारांत असें काम करून घ्यावयाचें असतें. दुसऱ्याचा मुलगा शेतीस जोडधंदा म्हणून हा मक्ता घेण्याचें मनांत आणीत असतो. दोघांचे प्रश्न वेगळे दिसले, तरी दोघांचा घात एकाच गोष्टीनें होतो. जें डोळ्यांना दिसतें त्यावर पैसा खर्च होतो आणि जें जमिनीखालीं व हिशेबाच्या वहींत असतें त्यावर होत नाहीं. हा धडा आम्हीं पदरचे पैसे मोजून घेतला आहे, म्हणून प्रथम आमचीच हकीकत सांगतों.

आमच्या अंगणाची हकीकत

२०१९ सालच्या उन्हाळ्यांत आम्हीं घरापुढील १००० चौरस फूट जागा ठशाच्या काँक्रीटनें करून घेतली. जमीन काळी. मक्तेदार शेजारच्या तालुक्यांतील एक होतकरू तरुण होता. त्याच्या घरची शेती कोरडवाहू, आणि रबराचे साचे त्यानें कर्ज काढून आणलेले. त्यानें अंदाजपत्रक दिलें. आम्हीं बैलबाजारांतल्या सवयीप्रमाणें घासाघीस केली व त्याच्या आंकड्यांतून पाव हिस्सा कमी करविला. तो फारशी खळखळ न करतां कबूल झाला. त्या वेळीं आम्हांस आपल्या व्यवहारचातुर्याचें मोठें कौतुक वाटलें.

दिवाळींत आलेल्या प्रत्येक पाहुण्यानें अंगणाची वाहवा केली. दुसऱ्या पावसाळ्यांत मात्र कडा उचलल्या आणि अंगणाच्या मधोमध एक भेग गेली. ठशांतले दगड वेगवेगळे दिसत होते. पण भेग त्यांना जुमानीत नव्हती. एका दगडांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत ती सरळ निघून गेली होती. मक्तेदाराचा पत्ता लागला नाहीं. त्यानें साचे विकून धंदा सोडल्याचें पुढें समजलें.

२०२२ सालीं तें सर्व काम फोडून आम्हीं दुसऱ्या, जुन्या व अनुभवी मक्तेदाराकडून नव्यानें करविलें. त्याच्या टोळींत साचे ठोकणारा माणूस म्हणून जो आला तो हाच तरुण. आम्हांला पाहून तो संकोचला. दुपारीं भाकरी खातांना मात्र आपण होऊन बोलला, “तात्या, तुम्हीं दर कापला तेव्हां मीं मुरूम कापला. दोन फुटांचा भराव ठरला होता, अर्धा फूटच केला. पाण्याचा टँकरही चार दिवसांनीं बंद केला.” हें ऐकून राग यावयास हवा होता, पण आला नाहीं. तोट्यांत अर्धा वांटा आमचा होता, हें तोंवर आम्हांस कळून चुकलें होतें. त्या दोन कामांच्या वेळीं जें पाहिलें व विचारून घेतलें तें पुढें देत आहों.

काँक्रीटचा स्वभाव

लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन नांवाच्या गवंड्यानें १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. इंग्लंडांतील पोर्टलंडच्या इमारती दगडासारखें तें दिसतें म्हणून हें नांव पडलें. म्हणजे दगडाची नक्कल करणें हें सिमेंटच्या जन्मापासूनच त्याच्या पाठीशीं आहे. आमच्याकडे मुंबईच्या सिधवा कुटुंबानें १९२२ सालीं भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढून रंगीत सिमेंटच्या नक्षीदार फरश्या देशांत करण्यास आरंभ केला. ओल्या काँक्रीटवर साच्यांनीं ठसा उमटविण्याची कला अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील ब्रॅड बोमन यानें १९५० नंतरच्या दशकांत वाढविली. आज आपल्याकडे दिसणारें काम मुख्यतः त्याच पद्धतीचें आहे.

काँक्रीट वाळून घट्ट होतें ही समजूत चुकीची आहे. सिमेंट व पाणी यांचा रासायनिक संयोग होऊन तें घट्ट होतें. म्हणून त्याला लवकर वाळूं देणें म्हणजे उपाशी ठेवणें होय. मात्र मिश्रणांत पाणी जास्त झालें तरी तें अशक्त होतें. शिकागोच्या डफ एब्रम्स यानें १९१८ सालीं प्रयोगांनीं हें दाखवून दिलें, कीं काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी व सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. ५० किलोच्या एका पोत्यास सुमारे २५ लिटर पाणी पुरे, आणि ओल्या वाळूंतलें पाणीही त्यांतच धरावयाचें. बिगारी पसरण्यास सोपें जावें म्हणून आणखी बादली ओततो. त्यानें वरचा थर भुसभुशीत होतो व रंगाचे डाग पडतात. रंगीत कामांत ही चूक लपत नाहीं.

भारतीय मानकाप्रमाणें साध्या पोर्टलंड सिमेंटचें काम निदान ७ दिवस व राखमिश्रित सिमेंटचें निदान १० दिवस सतत ओलें ठेवावें. कोरड्या व उष्ण हवेंत कोणतेंही सिमेंट असो, १० दिवसांहून कमी नको. हल्लीं दुकानांत मिळणारें पुष्कळसें सिमेंट राखमिश्रित असतें. पोत्यावर तें कोणत्या आठवड्यांत तयार झालें हें छापलेलें असतें. तीन महिन्यांहून जुनें पोतें शोभेच्या कामास घेऊं नये.

ऊंस पिकविणाऱ्या भागांतील वाचकांस एक सूचना द्यावीशी वाटते. जुन्या चुन्याच्या कामांत गूळ घालीत असत. सिमेंटला तो वैरी आहे. अल्प साखरेनेंही सिमेंटचें घट्ट होणें लांबतें. म्हणून गुऱ्हाळाचीं भांडीं मिश्रणास वापरूं नयेत, आणि गुळाचीं वा साखरेचीं रिकामीं पोतीं ताज्या काँक्रीटवर ओलाव्यासाठीं पसरूं नयेत.

पाया व सांधे

काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते हें शेतकऱ्यास सांगावयास नको. ज्या भेगांत उन्हाळ्यांत आपली काठी बुडते, त्याच जमिनीवर चार इंचांची ताठ फरशी टाकून ती शाबूत राहील अशी आशा धरणें व्यर्थ आहे. काळी माती निदान दोन फूट काढून तेथें चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनीं, पाणी मारून व धुम्मस करून भरावा. छपराचें व बागेचें पाणी फरशीच्या कडेस मुरूं देऊं नये. कडेची माती एकदां ओली व एकदां कोरडी होऊं लागली कीं कडा उचलल्याच.

आमच्या १००० चौरस फुटांस दोन फूट भराव म्हणजे दाबलेला मुरूम २० ब्रास होतो. अर्धा फूट भरला तर ५ ब्रास. जे १५ ब्रास वांचविले त्यांची किंमत आम्हीं पुढें सबंध अंगणाच्या किमतीनें भरली.

चार इंच जाडीच्या फरशीस १ : १॥ : ३ या प्रमाणानें, नासधूस न धरतां, साधारण पुढील माल लागतो : सिमेंट ७५ पोतीं, वाळू १·४ ब्रास, खडी २·८ ब्रास. हा हिशेब १००० चौरस फुटांचा आहे. मालकानें हे आंकडे स्वतः काढून ठेवावेत, म्हणजे गाडीतून काय उतरतें तें त्याला कळेल.

काँक्रीट आकसतें, म्हणून तें तडकणारच. तें आपण सांगूं तेथें तडकावें यासाठीं सांधे कापतात. चार इंच जाडीस आठ ते दहा फुटांवर सांधा हवा, आणि त्याची खोली जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे एक इंच हवी. काँक्रीट कापण्याजोगें घट्ट होतांच, बहुधा त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या सकाळीं, सांधे कापावे. उशीर केल्यास भेग आपली वाट आपणच शोधते. भिंत, खांब, तुळशीवृंदावन यांच्याभोवतीं फरशी चिकटवूं नये. मधें मऊ पट्टी घालून ती सुटी ठेवावी. शहाणा कारागीर नक्षीची आंखणीच अशी करतो, कीं सांधा दोन ‘दगडां’च्या मधल्या रेषेंत लपून जातो.

शोभेचे प्रकार

लाल कोबा हा आपल्याकडचा जुना व स्वस्त प्रकार. काँक्रीट ओलें असतांनाच वर सिमेंट व लाल रंगाचा थर देऊन लोखंडी थापीनें घोटतात. घोटाई करणारा हात चांगला असेल तर अशा जमिनी पिढ्यान्पिढ्या टिकतात व वापरानें अधिक चकाकतात. हा प्रकार सोपा, ओसरी व माजघर यांस उत्तम. उघड्या अंगणांत पावसानें निसरडा होतो.

सबंध काँक्रीटमध्यें रंग मिसळणें हा दुसरा प्रकार. रंग लोहाच्या ऑक्साइडचेच घ्यावे. ते उन्हास व चुन्याच्या तीक्ष्णतेस टिकतात. रंगाचें वजन सिमेंटच्या वजनाच्या शेंकडा १० पेक्षां कधींही अधिक नसावें. बहुधा त्याच्या निम्म्यांतच काम होतें. प्रत्येक घाणीस रंग, सिमेंट व पाणी तोलून-मापून घालावें. अंदाजानें घातल्यास प्रत्येक घाणीची छटा निराळी येते.

ठशाचें काम हा तिसरा प्रकार. काँक्रीट सपाट करून वर आलेलें पाणी नाहींसें झालें, कीं रंगीत कठीण भुकटी दोन वेळां पसरून रंध्यानें मुरवितात. १०० चौरस फुटांस ती सुमारे २५ ते ३० किलो लागते. नंतर साचा चिकटूं नये म्हणून दुसरी बारीक भुकटी उडवून साचे ठोकतात. बोटानें दाबलें असतां पाव इंच खळगा पडावा पण बोटास काँक्रीट लागूं नये, ही योग्य वेळ. आधीं ठोकल्यास साचा रुततो, उशीर झाल्यास ठसाच उठत नाहीं. वैशाखांत ही वेळ हां हां म्हणतां निघून जाते. म्हणून पहांटे ओतावें, आणि टोळी तास-दीड तासांत जेवढें ठसवूं शकेल तेवढेंच ओतावें. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं भुकटी धुऊन टाकून पुढें बारीक तुषारांनीं सारा भाग एकसारखा ओला राखावा. रंगीत कामावर प्लास्टिक अंथरल्यास सुरकुत्यांचे डाग उमटतात. महिन्यानें, पूर्ण वाळल्यावर, वर रोगण देतात. त्यांत बारीक कणी मिसळावी, नाहींतर पावसांत वडीलधाऱ्या माणसांचे पाय घसरतात. रोगण दोन-तीन वर्षांनीं पुन्हां द्यावें लागतें, हा खर्च आधींच ध्यानांत ठेवावा.

उघड्या खडीचें काम आम्हांस अंगणास सर्वांत योग्य वाटतें. वरचा पातळ थर घट्ट होऊं न देणारें द्रावण फवारून दुसऱ्या दिवशीं तो थर ब्रशानें व पाण्यानें धुऊन काढतात, म्हणजे निवडलेली गोल रंगीत खडी उघडी पडते. पाय घसरत नाहीं, रोगणाचीही विशेष गरज नाहीं.

तेजाबी रंगाचें काम मात्र जपून करावें. मिठाच्या तेजाबांत विरघळविलेले धातूंचे क्षार काँक्रीटमधील चुन्याशीं मिळून संगमरवरासारख्या छटा देतात. कोणती छटा येईल हें कोणीही आधीं छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं, म्हणून कोपऱ्यांत नमुना करून पाहिल्याविना हें काम घेऊं नये. तेजाब पाण्यांत घालावें, पाणी तेजाबांत कधींही नाहीं. हातमोजे व चष्मा हवाच.

सर्व रंगीत कामांचा एक सामान्य शत्रू म्हणजे लोणा. खालचा ओलावा वर येतांना चुना व क्षार घेऊन येतो आणि रंगावर पांढरट फेस धरतो. पाया कोरडा, मिश्रणांत पाणी बेताचें आणि पाणी पिण्याजोगें गोडें असेल तर लोण्याचा त्रास फार कमी होतो. खारट विहिरीचें पाणी शोभेच्या कामास नको.

गोठ्यांत मात्र शोभेपेक्षां जनावराचा पाय पाहावा. तेथें सुमारे १० मिलिमीटर रुंद व जवळजवळ तितक्याच खोल चरांची तिरकी जाळी हीच खरी नक्षी. खत ठेवण्याच्या खोलींत रंगीत काम करूं नये. अमोनियाचे क्षार काँक्रीट खातात. पोतीं लाकडी फळ्यांवर ठेवावीं.

मक्त्याचा धंदा

आतां ज्यांच्या मुलांना हा धंदा करावयाचा आहे त्यांच्यासाठीं. या धंद्यांत माणूस कारागिरी न आल्यामुळें बुडतो त्याहून अधिक वेळां हिशेब न आल्यामुळें बुडतो, असें त्या जुन्या मक्तेदाराचें मत आहे. तें आम्हांसही पटलें.

समजा, एका कामास माल, मजुरी, भाडें, व्याज, साच्यांची झीज धरून ८०,००० रुपये खर्च येतो, आणि मक्त्याच्या रकमेचा पांचवा हिस्सा आपणांस उरावा अशी इच्छा आहे. पुष्कळजण ८०,००० वर शेंकडा २० चढवून ९६,००० सांगतात. त्यांत उरतात १६,०००, म्हणजे पांचवा नव्हे, सहावा हिस्सा. खरा आंकडा १,००,००० हा आहे. आतां गिऱ्हाइकानें त्यांतून दहावा हिस्सा कमी करविला तर मिळतात ९०,०००. दर दहाव्या हिश्शानें उतरला, पण नफा निम्मा झाला. आणि आमच्यासारख्या गिऱ्हाइकानें चौथा हिस्सा कापला तर मिळतात ७५,०००, म्हणजे पदरचे ५,००० घालून काम करावयाचें. हें काम मग मुरुमांतून, सिमेंटांतून किंवा पाण्यांतून भरून काढलें जातें. दुसरी जागा नाहीं.

खर्चांत न दिसणाऱ्या रकमा धरण्यास शिकावें. दोन लाखांचे साचे व हत्यारें शंभर कामें टिकतील असें मानलें, तर प्रत्येक कामावर २,००० रुपये झीज पडते. पावसाळ्याचे चार महिने उघड्यावरचें काम जवळजवळ बंद. पण कर्जाचें व्याज बंद नसतें. म्हणून बारा महिन्यांचा स्थिर खर्च आठ महिन्यांच्या कामांवर वांटला पाहिजे. घरच्या माणसाची मजुरीही वहींत लिहावी. ती न लिहिणारा आपण नफ्यांत आहों अशा भ्रमांत राहतो. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेल्यास वस्तु व सेवा कराची नोंदणी करावी लागते, हेंही ध्यानांत असावें.

प्रत्येक काम लेखी घ्यावें. करारांत मोजमाप, जाडी, भरावाची खोली, मिश्रणाचें प्रमाण, ओलावा किती दिवस व पाणी कोणी पुरवावयाचें, सांध्यांचीं ठिकाणें आणि रोगणाचे थर इतकें स्पष्ट असावें. तीन फूट लांबरुंद नमुना करून दोघांनीं त्यावर सही करावी व काम संपेपर्यंत तो जागेवरच ठेवावा. रंगाविषयींचे बहुतेक तंटे याच एका उपायानें मिटतात. ‘भेग मुळींच पडणार नाहीं’ असें वचन कधीं देऊं नये. ‘भेग सांध्यांत राहील’ एवढेंच द्यावें. रक्कम टप्प्यांनीं घ्यावी : एक तृतीयांश करारावर, एक तृतीयांश भराव दाखविल्यावर, उरलेली काम संपल्यावर, आणि शेंकडा ५ मालकाकडे एक पावसाळा जाईपर्यंत ठेवावी. ज्याला आपल्या पायाची खात्री आहे त्याला ही अट जड वाटत नाहीं.

टोळी लहान पण कायमची असावी. ओलें सिमेंट कातडी जाळतें आणि त्याची धूळ छातीस वाईट; गमबूट, हातमोजे व तोंडावर पट्टी यांचा खर्च अंदाजपत्रकांतच धरावा. वर्षांत ९० दिवस बांधकामावर राबणाऱ्या, १८ ते ६० वयाच्या कामगारास महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळांत नोंदणी करतां येते. ती मालकानें स्वतः पुढाकार घेऊन करून द्यावी.

काम करवून घेणाऱ्यांस आमची विनंती इतकीच, कीं तीन मक्तेदारांचीं अंदाजपत्रकें मागवावीं. पण केवळ शेवटचा आंकडा पाहूं नये, भरावाचा व ओलाव्याचा आंकडा पाहावा. ज्यानें तो लिहिलाच नाहीं त्याचें अंदाजपत्रक स्वस्त नसून अपुरें आहे. पैसा कमी असेल तर नक्षी कमी करावी, क्षेत्र कमी करावें, साधा कोबा करावा. मुरूम कमी करूं नये. खड्डा खणून झाल्यावर स्वतः टेप लावून खोली मोजावी, आणि ओलावा ठेवण्याच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ आपणच हातांत नळी धरावी. हें काम मजुरावर सोपविण्याजोगें नाहीं.

आमच्या नव्या अंगणास तीन पावसाळे होऊन गेले आहेत. दोन सांध्यांच्या खालीं बारीक भेगा आहेत, वाकून पाहिल्याखेरीज त्या दिसत नाहींत. तो तरुण अजून त्याच टोळींत आहे. साच्यांचें कर्ज त्यानें मजुरींतून फेडीत आणलें आहे व पुढें पुन्हां स्वतःच्या नांवानें मक्ता घेण्याचा त्याचा विचार आहे. आमच्या गोठ्याची जमीन करावयाची आहे. तें काम आम्हीं त्याला सांगितलें आहे. त्यानें अंदाजपत्रक पाठविलें, त्यांत भरावाची खोली पहिल्याच ओळींत आहे. आम्हीं त्यांतला एक रुपयाही कमी करविला नाहीं.